चाक माळ्यावरून खाली काढा

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी अकरावी सायन्सला आहे, रस्त्यावरच्या सायकल शर्यतींत राज्य पातळीपर्यंत गेली आहे. टेबलासमोर तिने बेलेम गेरेरो या मेक्सिकन सायकलपटूचा फोटो लावलाय. वडील विचारतात, ‘या बाईला कोण ओळखतं? अठराव्या वर्षापर्यंत पदक आलं नाही तर नीटकडेच वळवू ना? सध्या सायकलचं पुढचं चाक काढून माळ्यावर ठेवलंय.’

पत्रात तिला ७२ टक्के मार्क मिळाल्याचंही लिहिलंय. मला ते खटकले नाहीत, ते चाक खटकलं. रोज क्लासहून परतताना ती एका चाकाची सायकल बघत असेल. यातून अभ्यास वाढत नाही हो, मूल घरात बोलेनासं होतं.

आणि अठराची अट कुठून आणलीत? बेलेमचा जन्म १९७४ चा. अटलांटा झालं, सिडनी झालं, आणि पदक मिळालं तिसऱ्या ऑलिंपिकला, २००४ मध्ये अथेन्सला. तेव्हा ती तीस वर्षांची होती.

‘पोरगी शेवटच्या रेषेवर कधीच पहिली नसते,’ असंही तुम्ही लिहिलंय. प्रत्येक सायकल शर्यत रेषेवर ठरते, हा गैरसमज आहे. बेलेमला रौप्य मिळालं ते पॉइंट्स रेसमध्ये. २५० मीटरच्या ट्रॅकवर १०० फेऱ्या, म्हणजे २५ किलोमीटर. दर दहा फेऱ्यांनी पहिल्या चौघींना ५, ३, २, १ गुण. मुख्य घोळक्यावर एक अख्खी फेरी चढवली तर २० गुण. निकाल बेरजेवर लागतो. कधी जोर लावायचा, कधी दुसरीच्या मागे राहून दम राखायचा, हे पायांइतकंच डोक्याचं काम आहे. तुमच्या लेकीला कोणता प्रकार जमतो, हे तिच्या कोचना विचारलंत का कधी?

आता प्रसिद्धीचं. बेलेमच्या पदकाच्या आदल्याच दिवशी मेक्सिकोच्याच आना गेवाराने ४०० मीटर धावण्यात रौप्य जिंकलं होतं. ती आधीच्या वर्षीची विश्वविजेती. पुढे सिनेटर झाली, देशाच्या क्रीडा आयोगाची प्रमुखही झाली. बेलेमला तेवढं नाव मिळालं नाही, हे खरंच. पण अथेन्समध्ये मेक्सिकोला मिळाली एकूण चार पदकं आणि त्यातलं एक हिचं. सायकलिंगमध्ये त्याआधीचं त्यांचं पदक १९८४ चं होतं, तेही एका पुरुषाचं. आणि बघा, तुमच्या मुलीने फोटो लावला तो बेलेमचा. तिला नावासाठी सायकल चालवायची नाहीये. ही मुलगी मला फार समजूतदार वाटते.

सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, रेल्वेची क्रीडा कोट्यातली भरती, याची माहिती जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे मिळेल. नीटचा निर्णय बारावीत तिच्याशी बोलून घ्या.

ते चाक मात्र आज संध्याकाळीच खाली काढा. इतके दिवस पडून होतं, हवा गेली असेल. पंप तुम्ही मारा, चाक तिला बसवू द्या.