आपले प्रश्न : स्मृतिभ्रंश झालेल्यांना सांभाळणाऱ्या घरांसाठी

स्मृतिभ्रंशाविषयी सांगली जिल्ह्यातील वाचकांकडून आलेल्या पत्रांत रुग्णाच्या विसराळूपणापेक्षा त्याला सांभाळणाऱ्या माणसाचे हाल अधिक आहेत. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. मिरजेच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यांना अल्झायमर असल्याचे सांगितले आहे. आम्ही तासगाव तालुक्यात राहतो. आमची द्राक्षबाग आहे. ‘माझ्या पाटल्या तूच घेतल्यास’ असे त्या मला रोज ऐकवतात, शेजारणींनाही सांगतात. तिन्हीसांज झाली की पिशवी भरून माहेरी निघतात. रात्री त्या जागतात, म्हणून मीही जागते. यजमान दिवसभर बागेत असतात. दीर-जाऊ साताऱ्याला राहतात. ‘एक महिना आमच्याकडे, एक महिना तुमच्याकडे’ अशी वाटणी करू म्हणतात. एके दिवशी मी सासूबाईंवर ओरडले आणि त्यांना हाताला धरून ओढले. तेव्हापासून मला स्वतःची लाज वाटते.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील सर्वांत तातडीची गोष्ट तुमची झोप आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. रात्रीमागून रात्री जागणारे माणूस कितीही समंजस असले तरी एखाद्या दिवशी त्याचा तोल जातोच, आणि तो जाऊ नये याची व्यवस्था त्या एकट्या माणसाने मनाला धाक घालून होत नाही. ती सगळ्या घराने मिळून करावी लागते. आठवड्यातील निदान तीन रात्री यजमानांनी किंवा घरातील दुसऱ्या कोणी सासूबाईंच्या खोलीत झोपावे आणि तुम्ही दार लावून दुसऱ्या खोलीत झोपावे, हे वारांसह ठरवून घ्या. ऑक्टोबर छाटणीच्या किंवा बेदाण्याच्या हंगामात यजमानांना ते झेपणार नसेल, तर तेवढ्या दिवसांसाठी रात्रीची पगारी बाई ठेवावी. बागेच्या हिशेबात मजुरी धरली जाते, तशी ही मजुरीही घराच्या हिशेबात धरलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या दिवशी घडले ते पुन्हा घडू नये, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण त्यावरून तुम्ही निष्ठुर ठरत नाही. पुन्हा कधी संताप अनावर झाला, तर सासूबाई सुरक्षित जागी बसल्या आहेत एवढे पाहून पाच-दहा मिनिटे परसात निघून जा; त्या वेळी वाद संपवण्याची गरज नसते. मन सतत उदास राहू लागले, अन्नावरची वासना उडाली किंवा जिवाचे बरेवाईट करावे असे मनात येऊ लागले, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत बोलता येते, आणि मराठीतूनही बोलता येते. स्वतःचा रक्तदाब आणि साखर तपासून घेणेही पुढे ढकलू नका.

आता पाटल्यांविषयी. या आजारात माणूस वस्तू स्वतःच जपून ठेवते, पण ठेवल्याची नोंद मेंदूत होत नाही. मग वस्तू जागेवर दिसली नाही की ती कोणीतरी नेली असाच अर्थ मेंदू लावतो, आणि घरात सतत समोर असणाऱ्या माणसावर आळ येतो. म्हणजे तुमच्यावर आळ येतो तो तुम्ही सर्वांत जास्त करता म्हणून. ‘मी घेतल्या नाहीत’ हे पटवून देण्याचा प्रयत्न सोडा, कारण पटले तरी ते तासाभराने राहणार नाही. ‘पाटल्या सापडत नाहीत का? चला, आपण दोघी शोधू’ असे म्हणून सोबत शोधा आणि शोधता शोधता त्यांना पाटल्या कधी केल्या, कोणत्या सोनाराने घडवल्या, हे विचारा; पुष्कळदा तेवढ्यावर मन दुसरीकडे वळते. हातात घालायला नकली पाटल्यांचा जोड ठेवावा. खऱ्या दागिन्यांची यादी मात्र दीर, जाऊ, नणंद या सर्वांच्या समोर करा, छायाचित्रे काढा, यादीवर सर्वांच्या सह्या घ्या आणि दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. हे केवळ सोन्याच्या नव्हे, तुमच्याही संरक्षणासाठी आहे. शेजारणींना आजाराचे नाव घेऊन सांगावे, आणि ते यजमानांनी सांगावे. सुनेने सांगितले तर ती स्वतःची बाजू मांडते आहे असे लोकांना वाटते.

तिन्हीसांजेची घालमेल या आजारात फार आढळते. दिवस मावळण्याआधीच घरातील सगळे दिवे लावा, दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर जाऊ देऊ नका आणि सकाळी त्यांना थोडा वेळ उन्हात बसवा किंवा चालवा. ‘तुमची आई जाऊन चाळीस वर्षे झाली’ असे सांगू नका. त्यांच्यासाठी ती बातमी प्रत्येक वेळी नवी असते आणि दुःखही नवे असते. ‘माहेरी कोण कोण आहे?’ असे विचारत त्यांच्यासोबत अंगणात किंवा बांधापर्यंत फेरी मारा आणि चहाला म्हणून परत आणा. माहेरी जायचे म्हणण्यामागे कधी भूक असते, कधी लघवीची भावना असते, कधी बद्धकोष्ठाचे किंवा गुडघ्याचे दुखणे असते, आणि ते त्यांना शब्दांत सांगता येत नाही. म्हणून आधी तेही पाहावे. एक गोष्ट घरातील सर्वांनी लक्षात ठेवावी : एक-दोन दिवसांत एकाएकी भ्रम वाढला, माणूस बडबडू लागले किंवा सुस्त पडून राहू लागले, तर आजार वाढला असे समजून बसू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, पडल्यामुळे डोक्याला लागलेला मार किंवा नवे औषध यांमुळे असे होते; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले तर त्यातील बरेचसे सुधारते. झोपेच्या गोळ्या मात्र कोणाच्या सांगण्यावरून देऊ नका.

तुमच्या घरी बाग आहे, म्हणून फवारणीची औषधेही असणार. ती घरातून हलवून कुलपाच्या खोलीत ठेवा, किल्ली एकाच माणसाकडे असू द्या, आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत औषध काढून ठेवण्याची सवय आजपासून बंद करा. विहिरीला कठडा किंवा जाळी नसेल तर तीही बसवून घ्या.

राहिली महिन्या-महिन्याची वाटणी. भावांनी आईबापांना आळीपाळीने नेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि ती न्यायाची वाटते, पण या आजारात ती रुग्णाला फार महाग पडते. न्हाणीघर कोणत्या बाजूला, दिव्याचे बटन कोठे, हे सवयीने अंगवळणी पडलेले असते, आणि त्याच आधारावर सासूबाई अजून वावरत असतील. नव्या घरात ते सगळे हरवते आणि सरावण्याच्या आतच परतण्याची वेळ येते. म्हणून माणूस हलवू नये, मदत हलवावी. दीर-जाऊ यांनी दरमहा ठरलेले सात-आठ दिवस तासगावला येऊन राहावे, आणि ते दिवस तुम्ही माहेरी किंवा अन्यत्र जावे. घरातच राहिलात तर काम तुमच्याकडेच येईल. दोघांपैकी एकालाही येणे शक्य नसेल, तर त्यांनी रात्रीच्या बाईचा पगार उचलावा. हा मजकूर यजमानांनी दिरांना वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. सांगलीत विश्रामबागला थोरले बंधू आणि वहिनी वडिलांना सांभाळतात. वडिलांना नुकतेच निदान झाले आहे. मी दरमहा पैसे पाठवतो. आणखी काय करावे?

उत्तर : पैसे पाठवता हे योग्यच आहे. आणखी एक मोठे काम दूर राहूनही तुम्हाला करता येईल, आणि त्याची वेळ आत्ताचीच आहे : कागदपत्रे. वडिलांना आज काय चालले आहे ते समजते, तोवरच त्यांच्या इच्छेने बँकेतील खाते संयुक्त करून घ्यावे, सर्व ठेवींवर नामनिर्देशन पाहावे आणि मृत्युपत्र करायचे असेल तर ते साक्षीदारांसह करावे; त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडल्यास पुढे वाद होण्याची किंवा टिकण्याची शक्यता कमी होते. अनेक घरे मुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात, परंतु १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मानसिक भान गेले की ते संपुष्टात येते. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केले, नेमक्या त्याच दिवशी ते उपयोगी पडत नाही. त्यानंतर पालकत्वासाठी न्यायालयात जावे लागते. वडील निवृत्तिवेतनधारक असतील तर नोव्हेंबरमधील हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना बँकेत ओढत नेण्याचे कारण नाही. मोबाइलवर चेहरा दाखवून किंवा पोस्टमनला घरी बोलावून तो देता येतो. जुनी कररचना निवडली असेल, तर साठीपुढील अशा रुग्णाच्या उपचारखर्चावर, तज्ज्ञांच्या प्रमाणपत्रानुसार, १ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते. ती बंधूंनी घ्यावी की तुम्ही, हे खर्च कोण करतो त्यावर ठरेल.

थायरॉईड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची रक्ततपासणी झाली आहे का, वडिलांना ऐकू नीट येते का, हेही विचारून घ्या. त्यांतील दोष दूर केल्यास निदान काही त्रास हलका होतो.

फोनवर बोलताना वहिनींना सूचना करू नका. वडील तुमच्याशी दहा मिनिटे नीट बोलले म्हणजे ते बरे आहेत आणि वहिनी वाढवून सांगतात, असा समज दूरच्या मुलांचा सहज होतो. असे रुग्ण पाहुण्यांसमोर थोडा वेळ सावरून वागतात. वर्षातून दोनदा आठवडाभर एकट्याने सांगलीत राहून सगळे स्वतः करून पाहा. त्या आठवड्यात वहिनी आणि बंधूंनी गावाला जावे.

प्रश्न : मी ७९ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. सांगलीत आम्ही दोघेच राहतो. पत्नीला हा आजार आहे, हे मी कोणाला सांगितलेले नाही. परवा ती मला न सांगता घराबाहेर पडली आणि गणपती मंदिराच्या रस्त्यावर सापडली. मला काही झाले तर तिचे काय? संस्थेत ठेवणे म्हणजे तिला टाकून देणे होईल का?

उत्तर : गुरुजी, आपण हे लपवू नये. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. हा मेंदूचा आजार आहे आणि त्यात कुटुंबाची अप्रतिष्ठा काहीच नाही. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, दूधवाला, रिक्षा थांब्यावरची मंडळी आणि मंदिराबाहेरच्या फुलवाल्या यांना बाईंचे छायाचित्र दाखवून आपला क्रमांक देऊन ठेवा. कृष्णेचा घाट तेथून जवळ आहे, म्हणून हे काम आजच करावे. त्यांच्या पदराच्या किंवा झंपराच्या आतल्या बाजूला फोन क्रमांक लिहिलेली कापडी पट्टी शिवून घ्या. दाराला नेहमीच्या जागी नसलेली, वरची कडी लावा. बाहेरून कुलूप घालून मात्र कधीही जाऊ नका. त्या दिसेनाशा झाल्या तर तासभर वाट न पाहता ११२ वर कळवा.

आपल्या नंतरचा प्रश्न आपण विचारलात हे फार चांगले केलेत. औषधांची नावे, वेळा, डॉक्टर, बँक, त्यांना आवडणारे पदार्थ, त्या कशाला घाबरतात, अंघोळीला कशा तयार होतात, हे सगळे एका वहीत लिहा आणि तिची प्रत ज्यांच्यावर विश्वास आहे अशा एका नातेवाइकाकडे आत्ताच द्या. आपल्याला हृदयविकार किंवा पडझडीमुळे दवाखान्यात जावे लागले, तर पहिल्या रात्री बाईंकडे कोण येईल, त्याचे नाव वहीच्या पहिल्या पानावर असावे.

संस्थेविषयी माझे मत असे की, आपल्याला त्यांना उचलणे, अंघोळ घालणे, रात्री उठवणे झेपेनासे झाले, तर संस्था पाहणे म्हणजे टाकणे नव्हे. अनेक वृद्धाश्रम या आजाराचे रुग्ण घेत नाहीत, म्हणून शोध आधीपासून ठेवा. स्वतः जाऊन, शक्यतो सायंकाळी, पाहा : रात्री किती माणसे कामावर असतात, रुग्णांना बांधून ठेवतात का, सुस्त करणारी औषधे कोणाच्या सल्ल्याने देतात, नातेवाइकांना केव्हाही येऊ देतात का. या प्रश्नांवर जेथे टाळाटाळ होईल तेथून परत या. तोवर दिवसातील चार तासांसाठी तरी एक मावशी घरी ठेवा. सरकारच्या ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मदतवाहिनीवरही माहिती विचारता येईल.

प्रश्न : मिरजेत आमच्या शेजारच्या ताई आईला सांभाळतात. आमच्या भिशीत येणे त्यांनी बंद केले आहे. त्यांच्यासाठी काय करावे?

उत्तर : ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणू नका, त्या कधीच सांगणार नाहीत. ‘दर गुरुवारी चार ते सहा मी आईंपाशी बसेन, तुम्ही बाहेर जा’ असे सांगा आणि पहिल्या दोन-तीन वेळा त्या घरी असतानाच येऊन बसा, म्हणजे आईंना तुमची ओळख राहील. ब्राह्मी, बदाम, अमक्या वैद्यांचे चूर्ण यांविषयी काही सुचवू नका. पुढची भिशी त्यांच्याच घरी, तासाभराची ठेवा. डबे तुम्ही आणा आणि भांडी घासूनच निघा.