२०२४ मधल्या तुमच्या आवडत्या मालिका कोणत्या, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर चालू ठेवून त्या कशा बघाव्यात?

तुमची अडचण थोडक्यात अशी: घरात सासू-सासऱ्यांसह पाच माणसं, हॉलमध्ये ४३ इंची टीव्ही, कूलर सुरू झाला की संवाद ऐकू येत नाहीत, आणि २०२४ च्या बऱ्याच मालिका बघायच्या राहून गेल्या आहेत. संवादांचं आधी सांगतो, कारण कोणती मालिका कधी लावायची ते त्यावरच ठरतं.

कूलरची घरघर नेमकी स, श, फ, थ असली व्यंजनं खाऊन टाकते. स्वर कानावर पडतात, शब्द कळत नाही. मग आपण रिमोटने आवाज वाढवतो, पण त्याबरोबर पार्श्वसंगीतही वाढतं आणि पुढच्या गोळीबाराला सासरे दचकून उठतात. त्यामुळे आवाज वाढवण्याआधी ॲपमधला ऑडिओचा पर्याय उघडा. तिथे भाषेच्या नावापुढे '५.१' असेल आणि तुमच्याकडे टीव्हीचेच दोन स्पीकर असतील, तर त्याच भाषेचा साधा, ५.१ नसलेला पर्याय निवडा. ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर यांच्यासाठीच्या ध्वनीत, संवाद मधल्या स्वतंत्र स्पीकरसाठी ठेवलेले असतात. सगळं दोन स्पीकरांत कोंबलं की संगीत त्यांच्यावर चढतं. नंतर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये संवाद उठावदार करणारा पर्याय शोधा. एलजीत तो 'क्लिअर व्हॉइस', सोनीत 'व्हॉइस झूम', सॅमसंगमध्ये 'ॲम्प्लिफाय' अशा नावांनी सापडतो.

कूलर टीव्हीच्याच भिंतीला लावला असेल तर हे सगळं करूनही निम्माच फायदा होईल. दोन आवाज एकाच दिशेने आले की कानाला ते वेगळे करता येत नाहीत. कूलर बाजूच्या किंवा पाठीमागच्या खिडकीत हलवा, आणि समोरचं एखादं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा. हवा बाहेर गेली नाही तर खोलीत नुसती दमट हवा कोंडते. ओलसर झोत टीव्हीच्या मागच्या जाळीवर येऊ देऊ नका. ब्लूटूथ स्पीकरचा मोह मात्र टाळा: आवाज ०.१ ते ०.२ सेकंद मागे राहतो आणि ओठ आधी हलताना दिसतात. साउंडबार घेणार असाल तर एचडीएमआय एआरसीच्या (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणाऱ्या पोर्टच्या) वायरने जोडा.

आता मालिका. माझ्या यादीत पहिली 'लंपन'. प्रकाश नारायण संतांच्या कथांवरची, निपुण धर्माधिकारींनी दिग्दर्शित केलेली ही मराठी मालिका मे २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आली आणि नोव्हेंबरात गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार मिळाला. आजी-आजोबांकडे राहायला पाठवलेला मुलगा, एवढीच गोष्ट. बोली बेळगावकडची, कानडी हेल असलेली. आपल्या वऱ्हाडी-नागपुरी कानाला पहिल्या भागात ती थोडी अडते, दुसऱ्यापासून गोड लागते. सासू-सासऱ्यांसोबत बघायला याहून बरं काही नाही. फक्त एका बैठकीत संपवू नका. घटना कमी आणि मनातलं जास्त असल्यामुळे सलग तीन भागांनंतर सगळं सारखंच वाटू लागतं. रोज रात्री एक भाग, कूलरचा पंप बंद आणि पंखा कमी वेगावर.

तिच्यातल्या आजी, गीतांजली कुलकर्णी, 'गुल्लक' या हिंदी मालिकेत मिश्रांच्या घरातली आई आहेत. चौथा सीझन जूनमध्ये आला, पाचच भाग. नागपूरकरांना हिंदीचं वावडं नाहीच. तो आणि मेमध्ये आलेला 'पंचायत'चा तिसरा सीझन भर दुपारीसुद्धा चालतात, एखादं वाक्य निसटलं तरी धागा सुटत नाही. पण 'पंचायत' तिसऱ्यापासून सुरू करू नका; उपप्रधान प्रल्हादचा गप्पपणा दुसऱ्या सीझनचा शेवट पाहिल्याशिवाय कळत नाही.

'पोचर' मी नागपुरात प्रत्येकाला सुचवतो. ताडोबा-पेंचच्या वाघांच्या गप्पा इथे पानठेल्यावरही चालतात, पण शिकारीचा तपास कसा होतो हे क्वचितच कुणी बोलतं. केरळमधल्या हस्तिदंताच्या खऱ्या प्रकरणावर बेतलेली ही रिची मेहतांची आठ भागांची मालिका फेब्रुवारी २०२४ मध्ये प्राइम व्हिडिओवर आली. तपास मुख्यतः खबरे, फोनचे रेकॉर्ड आणि वन विभागातल्या थकलेल्या माणसांच्या जोरावर पुढे सरकतो. मूळ मल्याळम ऑडिओ आणि सबटायटल लावा. पात्रं मल्याळम, हिंदी, इंग्रजीत ये-जा करतात. कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो यावरून कोण स्थानिक आणि कोण बाहेरचा ते कळतं, आणि डबिंगमध्ये तेच पुसलं जातं. सबटायटल वाचायचीच असल्याने कूलरचाही त्रास नाही.

हेच 'शोगुन'ला दुपटीने लागू आहे. एकाच वर्षी १८ एमी (अमेरिकेतले टीव्ही पुरस्कार) मिळवणारी ही दहा भागांची मालिका बहुतांश जपानीत आहे. १६०० सालच्या जपानमध्ये मारिको इंग्रज खलाशी आणि जपानी सरदार यांच्यात दुभाषी म्हणून उभी राहते आणि बोललेलं जरा बदलून पुढे पोचवते. अर्धं नाट्य त्या बदलात आहे. सगळे एकाच भाषेत बोलणारी डब आवृत्ती लावलीत तर हे प्रसंग निव्वळ वेळकाढू वाटतील. सबटायटलचा आकार एक पायरी मोठा करा, आणि पहिल्या दोन भागांत नावांचा गोंधळ होणार हे गृहीत धरा. तोरानागा आणि इशिदो या दोन प्रतिस्पर्धी सरदारांची नावं पक्की धरलीत की बाकीची आपोआप जागेवर बसतात.

'मानवत मर्डर्स' मराठीतली. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते १९७४ दरम्यान झालेल्या हत्यांवरची. सोनाली कुलकर्णी आणि मकरंद अनासपुरे यांच्यासाठी बघाच. लहान मुलं झोपल्यावर. लाहोरच्या तवायफांवरची 'हीरामंडी' सासूबाई मागतीलच. ती कूलर पूर्ण वेगात असतानाही चालेल, झुंबरं आणि पोशाख बघायला आवाज लागत नाही.

नेटफ्लिक्सवरची 'रिप्ली', इटलीत गेलेल्या एका ठगाची गोष्ट, मात्र हिवाळ्यासाठी राखून ठेवा. आठ भाग, जवळजवळ संपूर्ण कृष्णधवल, आणि तिसऱ्या भागात जवळजवळ संवादच नसलेला एक लांब प्रसंग आहे, ज्यात पाण्याचा आणि श्वासाचा आवाज ऐकायचा असतो. पिक्चर मोड 'व्हिव्हिड'वर असेल तर काळ्या-पांढऱ्यावर निळसर झाक येते. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा. सॅमसंगचं 'ऑटो मोशन प्लस', एलजीचं 'ट्रूमोशन', सोनीचं 'मोशनफ्लो' बंद करा, नाहीतर टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः तयार करतो आणि सिनेमासारखं चित्रण डेली सोपसारखं घसरतं दिसतं. ट्यूबलाइट बंद, टीव्हीच्या मागे मंद दिवा. नेटफ्लिक्सचा २०२४ मधला १९९ रुपयांचा प्लॅन ७२०पी (साध्या एचडी) पर्यंतच होता आणि ४के (सर्वात स्पष्ट चित्र) साठी ६४९ रुपयांचा लागत होता. इथे तो फरक अंधारातल्या करड्या छटांत दिसतो, कमी दर्जात त्यांचे पट्टे पडतात. ४के ला १५ एमबीपीएसचा वेग लागतो आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो, म्हणजे आठ भागांना साधारण ५० जीबी; मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावू नका. रोममधल्या इमारतीत एक मांजर आहे, जिन्यात ते कुठे बसलंय ते बघत राहा.