एसएमआर शिकायचंय? आधी डिके हीट समजून घे

हे बघ, एसएमआर, म्हणजे कारखान्यात बनवायचे लहान अणुरिअॅक्टर, शिकायला कुठल्या डिझाइनपासून सुरुवात करू असं विचारलंस ना, तर डिझाइन राहू दे बाजूला, आधी डिके हीट, म्हणजे इंधनातल्या किरणोत्सर्गामुळे निघत राहणारी उष्णता, नीट समजून घे. रिअॅक्टर बंद केला तरी त्या क्षणी पूर्ण पॉवरच्या साधारण ६-७ टक्के उष्णता निघतच असते, तासाभराने दीडेक टक्का, आणि ती बंद करायचं बटण कुठेच नसतं. म्हणजे ३००० मेगावॉट थर्मलच्या (म्हणजे विजेच्या नाही, उष्णतेच्या) मोठ्या रिअॅक्टरमधून तासाभरानंतरही ४५ मेगावॉट बाहेर काढावे लागतात, २०० वाल्यातून फक्त ३. एवढी उष्णता पंपाशिवायही काढता येते, गरम पाणी आपोआप वर, थंड खाली. फुकुशिमात २०११ ला पंपांची वीज गेली आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. लहान असण्याचा खरा फायदा हा आहे, मला तरी हाच सगळ्यात मोठा वाटतो.

पैशाचं मात्र डोळे उघडे ठेवून वाच. लहान म्हणजे स्वस्त असं कोणी म्हटलं की लगेच मान डोलवू नकोस, आकार कमी झाला की दर मेगावॉटमागे खर्च वाढतो, तो कारखान्यात एकसारखी युनिटं बनवूनच भरून काढायचा असतो आणि त्यासाठी ऑर्डरी लागतात. न्यूस्केल या अमेरिकन एसएमआर कंपनीचा तिथल्याच आयडाहो राज्यातला प्रकल्प नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द झाला तो वीज घ्यायला पुरेसे ग्राहक मिळेनात म्हणूनच.

चालू असलेला बघायचा तर रशियाचा तरंगता अणुवीज प्रकल्प अकादमिक लोमोनोसोव आहे, ३५ मेगावॉट विजेची दोन युनिटं. पण आधी ते दीड टक्क्याचं गणित वहीत स्वतः करून बघ, अडलं तर विचार.