वाचकांचे प्रश्न : छावणीतून वाचलेली मुलगी पुढं शिकली का?

प्रश्न : नमस्कार. माझी लेक यंदा दहावीला आहे. यूट्यूबवर हिटलरच्या छावण्यांचे व्हिडिओ बघितले अन् तेव्हापासून एकच विचारायली, माझ्या वयाची कुणी ज्यू मुलगी वाचली असंल तर तिचं पुढं काय झालं, शाळा, लग्न, नोकरी? मला काही सांगता येईना.
– एक आई, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, लेकीला सिमोन वेयचं सांगा. फ्रान्समधल्या नीस शहरातली मुलगी, जन्म १९२७ चा. सप्टेंबर १९४३ मध्ये तिथं जर्मन आले अन् ज्यूंची धरपकड सुरू झाली, ही खोट्या नावाचे कागद घेऊन एका शिक्षिकेच्या घरी राहायची. २९ मार्च १९४४ ला आपल्या बारावीसारखी परीक्षा दिली, दुसऱ्याच दिवशी मैत्रिणींकडं जाताना रस्त्यात पकडली. आई अन् मोठी बहीण मिलूसोबत ऑशविट्झच्या छावणीत नेलं. रेल्वेतून उतरल्यावर तिथल्याच एका कैद्यानं सांगितलं, वय अठरा सांग. होती सोळाची, पण तेवढ्यानं वाचली, कारण लहान लेकरांना थेट गॅस चेंबरला, म्हणजे विषारी वायूनं मारायच्या खोलीत न्यायचे. हातावर ७८६५१ नंबर गोंदला. जानेवारी १९४५ ला बर्फातून चालवत नेलं, पुढं बर्गन-बेल्सनच्या छावणीत आई टायफसच्या तापानं गेली. वडील अन् भाऊ परत आलेच नाहीत.

घरी आली तेव्हा कळलं, त्या परीक्षेत पास झालीय. मग पॅरिसला कायदा शिकली, १९४६ ला लग्न, तीन मुलं, नवऱ्याला तिनं वकिली केलेली नको होती तर १९५६ ला न्यायाधीशाची परीक्षा पास झाली अन् तुरुंग खात्यात कैद्यांचे हाल कमी व्हावेत म्हणून राबली. मला तिचं हे काम सगळ्यात मोठं वाटतं. १९७४ ला आरोग्यमंत्री, १९७५ ला गर्भपाताला मान्यता देणारा कायदा तिनंच आणला, १९७९ ला युरोपियन संसदेची अध्यक्ष.

लोकांना वाटतं असं भोगलेली माणसं बोलत नाहीत. तसं नव्हतं. तिला अन् मिलूला बोलायचं होतं, ऐकणाराच विषय बदलायचा. एका बड्या फ्रेंच अधिकाऱ्यानं तर तो नंबर बघून हसत विचारलं, कोट ठेवायचा टोकन नंबर आहे का, त्यानंतर बरीच वर्षं ती लांब बाह्यांचे कपडे घालायची. आपल्या मराठवाड्यात रझाकाराचा काळ बघितलेल्या आज्यांनाही आपणच म्हणलं ना, आता कशाला जुनं काढता?

लेकीला ते व्हिडिओ एकटीला बघू देऊ नका, सोबत बसा. अन् ती विचारायली तर विचारू द्या.