पेन्सिलीत खरंच शिसं असतं का? आणि एचबी, २बी म्हणजे काय?

नाही, शिसं अजिबात नसतं. आत असते ग्रॅफाइट आणि चिकणमाती भाजून केलेली कांडी. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये बॉरोडेलला ग्रॅफाइट सापडलं, ते लोकांना शिशाचाच प्रकार वाटलं. ‘शिसपेन्सिल’ हे नाव त्याच गैरसमजातलं. पुढे युद्धामुळे इंग्लंडचा माल बंद झाला, तेव्हा १७९५ मध्ये फ्रान्सच्या कॉन्ते नावाच्या संशोधकाने ग्रॅफाइटची पूड मातीत मळून भाजली. माती जास्त घातली की टोक कडक आणि रेघ फिकी, तो एच. ग्रॅफाइट जास्त असलं की मऊ, काळीभोर, तो बी. एचबी मधली. मात्र सगळ्या कंपन्यांच्या छटा सारख्या नसतात. त्यामुळे शेडिंगआधी कागदाच्या कोपऱ्यावर घासून बघा.