व्ही-जोडातून उजेड दिसतो म्हणून मेकॅनिकल सोडू का?

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. गणित आणि मेकॅनिक्समध्ये चांगले मार्क आहेत, पण वर्कशॉपने पार रडवलं. फिटिंगचा व्ही-जोड (एका तुकड्याचं व्ही आकाराचं टोक दुसऱ्याच्या तशाच खाचेत) बसवला की मधून उजेड दिसतो. लेथवर (जॉब म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापायच्या यंत्रावर) 25 मिमी व्यास हवा होता, 25.3 राहिला म्हणून डायलवर 0.3चा कट दिला, तर जॉब 24.7 झाला. सर म्हणाले रिजेक्ट. गरम असताना मोजला म्हणून असं झालं असेल का? शिवाय 6.5 मिमीच्या भोकात एम-8चा टॅप (8 मिमी बोल्टसाठी आटे पाडायचं हत्यार) मोडला. लेथवर हातमोजे घालून उभी राहते, तरी भीती जात नाही. काही मुलांचे हात सराईतासारखे चालतात. माझ्या हातात हे नाहीच. कॉम्प्युटरला बदली घेऊ का?

उत्तर : आधी हातमोज्यांचं. लेथ आणि ड्रिलवर ते आजपासून बंद. फिरत्या जॉबला किंवा बिटला हातमोज्याचा धागा अडकला तर पाठोपाठ हात ओढला जातो, सोडवायला वेळच मिळत नाही. बाह्या कोपराच्या वर, केस बांधलेले, डोळ्यांवर चष्मा आणि चकची (जॉब पकडणाऱ्या भागाची) चावी वापरून झाली की थेट तिच्या जागेवर. चिपा ब्रशने काढायच्या, तेही मशीन थांबवून. यातलं काही मोडलं तर भीती वाटणं बरोबरच आहे. सगळं पाळूनही वाटली, तर ती काही दिवसांत कमी होते.

आता तुझा 24.7. पत्रात आकडे दिलेस ते बरं केलंस, कारण उत्तर त्यांतच आहे. बऱ्याच लेथवर क्रॉस स्लाइडचा (टूल जॉबकडे आत-बाहेर नेणाऱ्या भागाचा) डायल टूल किती आत सरकलं ते दाखवतो. टूल 0.3 आत गेलं की व्यास 0.6ने उतरतो. 25.3 उणे 0.6, बरोबर 24.7! तापण्याचा इथे संबंध नाही. 25 मिमीचा स्टीलचा जॉब 40 अंशांनी तापला तरी जेमतेम 0.012 मिमी फुगतो. तुझ्या व्हर्नियरचं लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप) 0.02 असेल तर त्याला ते दिसणारही नाही. म्हणजे टूल बांधणं, कट देणं, मोजणं, सगळं नीट झालं. चुकला तो फक्त डायलचा अर्थ. ज्याचा हात खरंच बसलेला नसतो त्याचा जॉब असा चुकत नाही. तो एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघतो आणि दोनदा मोजलं तर दोन वेगळी मापं येतात.

काही मशीनवर डायल थेट व्यासात आखलेला असतो, म्हणून नव्या लेथवर अंदाज करू नये. टूल जॉबला हलकेच टेकव, डायल शून्यावर आण, 0.2चा कट फक्त 5 मिमी लांबीवर घे, मशीन थांबवून मोज. व्यास 0.4ने कमी झाला की 0.2ने, ते लगेच कळतं. आणि डायल हव्या रेघेच्या पुढे गेला तर नुसता मागे आणायचा नाही. स्क्रू आणि नटमध्ये प्ले, म्हणजे थोडी ढील असते. डायल फिरतो, टूल जागचं हलत नाही. अर्धा फेरा मागे घेऊन पुन्हा पुढून त्या रेघेवर यायचं.

व्ही-जोडात उजेड कुठे दिसतो ते तू लिहिलं नाहीस, आणि निदान त्यावरच अवलंबून आहे. जोड खिडकीसमोर धर. व्हीच्या दोन्ही बाजूंनी सारखी उजेडाची रेघ दिसत असेल, तर टोकदार तुकड्याचं टोक खाचेच्या आतल्या कोपऱ्यात आधीच टेकलंय. कानशीची कड त्या कोपऱ्यात पोचत नाही, तिथे धातू उरतो. म्हणूनच व्ही कापण्याआधी तळाशी 3 मिमीचं छोटं भोक पाडतात किंवा हॅक्सॉची खाच देतात. उजेड फक्त टोकांना असेल आणि मधे जोड टेकत असेल, तर पृष्ठभाग फुगीर आहे, म्हणजे घासताना कानस झुलतेय. त्याला उपाय ताकदीचा नाही. वाइसचा वरचा भाग कोपराच्या उंचीला येतोय का बघ. उंच असेल तर पायाखाली फळी घे. घाव सुरू करताना पुढच्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्हींचा सारखा, शेवटी मुठीकडच्या हाताचा जास्त, आणि परत येताना दाब अजिबात नाही. शेवटचे 0.2 मिमी बारीक कानशीने काढ आणि दर चार-पाच घावांनी गुण्या लाव. कानशीला खडू घासला की दातांत कीस अडकून ओरखडे पडत नाहीत. दोन्ही तुकडे एकाच वेळी कमी-जास्त करत बसलीस तर जोड कधीच जमणार नाही. एक तुकडा आधी कोनमापकाने पक्का कर, मग दुसरा त्याला बसव.

टॅप मोडला तो भोकामुळे. एम-8ची नेहमीची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.25, त्यामुळे ड्रिल 6.8 हवं. त्यात आट्याची सुमारे 75 टक्के उंची मिळते आणि ती पुरते. 6.5 मध्ये ती 90च्या वर जाते, टॅपवरचा भार बराच वाढतो. पुढच्या वेळी तेल लाव आणि अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे घेऊन कीस तोड.

हात सराईत असलेल्या मुलांनी बहुधा आधीच कुठेतरी पाने-कानशी हाताळल्या असतील. ते अंतर सरावाने भरतं, आणि डिझाइन, क्वालिटी किंवा प्रॉडक्शनच्या नोकरीत कानस किती सफाईने चालवतेस हे कोणी विचारणार नाही. ड्रॉइंगवर ±0.02 लिहिलंस की कारखान्यात कोणाचा किती वेळ जातो आणि बोल्ट दाखवलास तिथे पाना फिरायला जागा आहे का, हे मात्र विचारलं जाईल.

त्यामुळे केवळ या तीन जॉबवरून शाखा बदलू नकोस. बदलायची खरी कारणं वेगळी असतात. प्रोग्रॅमिंग करताना वेळेचं भान राहत नसेल, तर जरूर विचार कर. मेकॅनिकलमध्ये सुरुवातीची बरीच कामं शॉप फ्लोअरवर असतात : उभं राहणं, आवाज, कुठे कुठे शिफ्ट. ते नकोच वाटत असेल तर तेही कारण पुरेसं आहे, त्यात कमीपणा नाही.

अर्ज करण्याआधी सरांकडून माइल्ड स्टीलच्या 30 मिमी बारचा एक तुकडा माग आणि त्यावर 28, 26, 24च्या तीन पायऱ्या काढ. एच.एस.एस. (हाय स्पीड स्टील) टूल असेल तर कटिंग स्पीड मिनिटाला 25 मीटर धर. 30 मिमीला मिनिटाला साधारण 265 फेरे येतात, मशीनवर त्याच्या खालचा जवळचा स्पीड लाव. हवं होतं ते माप आणि आलेलं माप शेजारी शेजारी लिही. तीनही ठिकाणी फरक सारखाच असेल तर डायल वाचण्यात किंवा मोजण्यात चूक आहे. दर पायरीला वेगळा असेल, तर टूल पोस्टचा बोल्ट सैल आहे का आणि प्ले काढूनच कट दिलास का, ते तपास. तो कागद आणि उजेड कुठे दिसतो तेवढं कळव, मग बदलीचं बोलू.