समुद्रालगत रिसॉर्ट बांधलं तर वाळूच्या टेकड्यांवर परिणाम होतो का?

होतो, आणि तो कुंपणापुरता राहत नाही. आमच्या दापोलीकडे एप्रिलच्या दुपारी वारा सुटला की पुळणीवर पोटऱ्यांना वाळू टोचते, तोंडावर मात्र क्वचितच येते. कोरडे कण उड्या मारत जमिनीलगतच पळतात, बहुतेक गुडघ्याच्या खालून. वाटेत मर्यादवेल किंवा रावणाच्या मिशा (वाळूत वाढणारं काटेरी गवत) आल्या की वाऱ्याचा जोर मोडतो, वाळू तिथेच बसते, झाड तिच्यातून पुन्हा वर येतं. अशीच टेकडी वाढते.

भिंतीला हे जमत नाही. वारा तिच्यावर आपटून खाली वळतो आणि पायथा उकरतो. कोपऱ्यांवरून, दोन इमारतींमधल्या बोळातून तो आणखी जोरात निसटतो. तिथे चर पडतात. मागच्या बाजूला वारा मंदावला की वाळूचा ढीग, कधी अंगणात, कधी रस्त्यावर. ही टेकडीच्या हक्काची वाळू!

पावसाळ्यात लाटा टेकडी खातात, दिवाळीनंतर शांत झालेला समुद्र ती वाळू पुळणीवर आणून टाकतो आणि वारा ती वर चढवतो. भिंत आली की ही शेवटची फेरीच तुटते.

२०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सर्वाधिक संरक्षित गटात आहेत, तेव्हा टेकडीवर बांधूच नका. मागे बांधाल तेही खांबांवर उचलून, खालून वारा जाईल असं. समोरची वेल ‘साफसफाई’ म्हणून काढू नका, कृपा करून. आणि अंगणात साचलेली वाळू विकू नका, परत टेकडीवर नेऊन टाका.